शिव्यांच्या गाण्यांचं प्रकरण

५ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. तोंडी परीक्षेची तारीख आली, २६. "दोन्ही परीक्षकांचे अहवाल चांगले आहेत, घाबरू नकोस." मी घाबरले असं म्हटलंच नव्हतं. गाइड म्हणून इतकी वर्षं ऐकतायत, आवाजावरून कळत असावं.
आईला सांगितलं. "म्हंजे झालीस डॉक्टर?" अजून नाही. आधी सगळ्यांसमोर बोलायचंय. "मंग बोल की. गप कवा असतंस?"
घरात बोलते. तिथे परीक्षक, विभागातले प्राध्यापक, आणि येईल तो. दार उघडं असतं.

८ फेब्रु.
अलिबागच्या एका कॉलेजात व्याख्यान. विषय माझाच, आपल्या आगरी लग्नातली गाणी. सराव म्हणून हो म्हटलं होतं. सुरुवातीला कागदावरून वाचलं, मग सुटले. हळदीला नवरीकडच्या बाया विहिणीला आणि नवऱ्याच्या बापाला शिव्या घालतात ती गाणी सांगितली. पोरं हसली. हसून गप्प झाल्यावर पुढचं सांगितलं, की एरवी ज्यांच्यापुढे मान वर करायची नाही त्यांना तोंडावर बोलायची बाईला हीच एक जागा. दोन मुली मागच्या बाकावर लिहून घेत होत्या. येताना एसटीत बरं वाटत होतं. खूप दिवसांनी.

१० फेब्रु.
बाबांनी सकाळी मोबाइल पुढे धरला. व्हिडिओ.
मी. माझाच आवाज. "आपल्या बाया लग्नात उघड्या शिव्या देतात." मग पोरांचं हसणं. संपलं. पुढचं काहीच नाही.
खाली लिहिलंय, आपलीच पोरगी शिकून समाजाला नागडं करते. गावाच्या ग्रुपवर, मग नात्यातल्या, मग पेणच्या. बाबांचा टेम्पो ज्यांच्याकडे लागतो त्या शेठनेही बाबांनाच पाठवलाय. वर फक्त प्रश्नचिन्ह.


११ फेब्रु.
आले. गावातले पाच जण. पुढे जगदीशदादा, हिरामावशीचा मुलगा. हिरामावशी म्हणजे आमच्या गावची धवलारीण, लग्नं गाण्यांनी लावणारी. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली, शिव्यांची, जवळजवळ सगळी गाणी तिची. तिनं सांगितली, मी रेकॉर्ड केली, तिनं सही केली.
आईनं पाणी दिलं. कुणी घेतलं नाही.
ज.दादा शांत बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
"माज्या आईचा नाव हाय ना तुज्या पुस्तकान?"
"प्रबंधात. मागे, गाणी सांगणाऱ्यांच्या यादीत."
"ता कार. आनि ता प्रकरण पन कार. मंग माफीचा विडिओ टाक, मिटला."
मी म्हटलं, प्रबंध जमा झालाय, आता काही काढता येत नाही.
"परीक्षा उघडी असतं ना तुमची? आमी पन येव. आयकू, काय बोलतंस."
बाबा दारापर्यंत सोडायला गेले. हात जोडून उभे होते. बाबांना असं कधी...

१२ फेब्रु.
मॅडमना फोन. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विद्यापीठाला गोंधळ नकोय, कळतंय ना तुला? प्रश्नोत्तरात ते प्रकरण ताणू नकोस. किंवा प्रकृतीचं कारण देऊन अर्ज कर, तारीख पुढे जाईल."
"पण मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, चौथं प्रकरण हाच प्रबंधाचा जीव आहे."
"म्हणाले होते."
त्याही घाबरल्यात. हे कळल्यावर माझी भीती दुप्पट झाली.

१४ फेब्रु.
हि.मावशीकडे गेले. रस्त्यानं नाही, शेतांच्या बांधावरून. दुपारी, माणसं आत असतात तेव्हा. ओटीवर बसून चिंचा फोडत होती. सून दारात उभी, आत जाईना.
"आयकला मी," मावशी म्हणाली. "पोरानी दावला. हसला कोन ता?"
"कॉलेजातली मुलं."
"हसाचाच गाना हाय तो. हसली नाय तं मना वाटाचा चुकला काय."
"मावशी, तुझं नाव... तुला नको असेल तर मी तिथे तसं सांगेन. जगदीशदादा म्हणतो"
तिनं चिंचोका बाजूला टाकला. तोंड उघडलं आणि बाहेर मोटरसायकल वाजली. सून म्हणाली, "ताई, मागून जा."
मागच्या वाडीतून पळाले. खरंच पळाले, चपला हातात. केळीच्या आडोशाला उभी राहिले. आत ज.दादाचा आवाज, कोन आलता? मावशीचा आवाज ऐकू आला नाही. ऐकायला थांबले होते, पण पाय थांबेनात.
ती काय म्हणणार होती?

१८ फेब्रु.
गल्लीत दोन घरं सोडून हळद. आमंत्रण नाही. लहानपणापासून त्या घरात जेवलेय मी. आईनं सकाळीच साडी काढून ठेवली होती, विसरले असतील, कुणीतरी बोलवायला येईल म्हणून. संध्याकाळी मांडवात दिवे लागले तेव्हा घडी घालून परत ठेवली. "रव्हदे," म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही.
वाळीत टाकणं हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. दुकानदार सामान देतो, सुटे पैसे देतो. बोलत नाही.
धवलारीण गाते ते धवले ऐकू आले नाहीत. नुसता डीजे. म्हणजे मावशीलाही बोलावलं नाही? की तीच गेली नाही?

२० फेब्रु.
बाबांना शेठनं उद्यापासून येऊ नको म्हटलं. काम कमी आहे म्हणे.
जेवताना बाबा म्हणाले, "पुढं ढकल. एखादा वरीस. लोका इसरतान."
"मग पुढच्या वर्षी हेच."
"तू घाबरलीस का?"
"हो."
"मी पन," म्हणाले आणि भात कालवत राहिले. खाल्ला नाही.
अर्ज लिहिला. प्रकृती अस्वास्थ्यामुळे. पाठवला नाही. पाठवायचा तर उद्याच पाठवायला हवा.

२१ फेब्रु.
सकाळी खाडीच्या बंधाऱ्यावर जाऊन मोठ्यानं सराव केला. तिथे बगळ्यांशिवाय कुणी नसतं. चौथं प्रकरण गाळून बोलून पाहिलं. प्रस्तावना, भाषेची वैशिष्ट्यं, धवल्यांची रचना, निष्कर्ष. निष्कर्षापाशी अडकले. निष्कर्ष कशाचा? बायका काय बोलतात ते काढून टाकलं तर मागे राहतं ते मांडवाचं वर्णन. ते कुणीही लिहील.
दुसऱ्यांदा चौथ्यासकट म्हटलं. मावशीचं नाव आलं तिथे आवाज बसला. पुन्हा म्हटलं. पुन्हा बसला.
अर्ज पाठवला नाही. ठरवलं वगैरे नाही. दिवसभर मोबाइल उशीखाली ठेवला आणि संध्याकाळ झाली.

२५ फेब्रु.
आईनं बॅग भरली, मी परत काढली, तिनं परत भरली. बाबा म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, तुम्ही नको, ते लोक येणारेत. "म्हनूनच येतो."
मॅडमचा मेसेज: सभागृह बदललंय, छोटं दिलंय. त्याखाली: सुरक्षारक्षक सांगितलाय.
हे वाचून धीर यायला हवा होता.

२६ फेब्रु.
मांडव्याहून सकाळची लाँच. बाबा पूर्ण वेळ कठडा धरून बसले होते. आयुष्य खाडीकाठी गेलं, आणि समुद्राला भितात हे मला आज कळलं.
आता विभागाच्या व्हरांड्यात, बाकावर. आत मांडामांड चाललीय.
ते आले. पाचही जण, पांढरे शर्ट, मागच्या रांगेत बसलेत. रक्षक दारात आहे, मोबाइल बघतोय.
आणि हि.मावशी आलीय.
हिरवं लुगडं, केसात अबोली. पहिल्या रांगेत, परीक्षकांच्या खुर्च्यांच्या बरोबर मागे. ज.दादा मागून दोनदा म्हणाला, "आई, इकरं ये." ती उठली नाही. वळूनही पाहिलं नाही.
त्यांनी आणलीय तिला? सगळ्यांसमोर मला नाही म्हणायला? की ती...
आत जाऊन जवळ वाकले. विचारलं, "मावशी, कशी काय आलीस?"
"गारीन," म्हणाली. गाडीनं, एवढंच. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हसली नाही, रागावलेलीही वाटली नाही. परत बाहेर आले.
बाबा शेजारी बसलेत. पाण्याची बाटली उघडून धरलीय, कधीची.
मॅडम आत्ताच येऊन हळूच सांगून गेल्या, बाहेरचे परीक्षक पहिलाच प्रश्न चौथ्या प्रकरणावर विचारणार आहेत. "गाणी कुणाकडून घेतली, तिथूनच सुरू करतील. काय सांगशील?"
उत्तर पाठ आहे. दोन शब्द, तिचं नाव नि आडनाव.
हाक आली.