पेलाभर जुनं पाणी

सोमवार, ता. ६
सकाळी एक ट्रंक आणि कवितांची वही घेऊन लेकाच्या घरी मुक्कामाला आलो. लेक-सून तीन महिने परगावी. घर आणि दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी माझ्या हवाली. रविवारी नात येईल, आमची चिमणी. तोवर मी आणि नऊ मासे. जागा झकास!

दुपारी मासेवाला पिशवीतून समुद्रफूल घेऊन आला. नावाचं फूल, खरा तो प्राणीच. पिशवीतल्या पाण्यासकट त्याला बादलीत ठेवलं आणि वर टाकीतून एक बारीक नळी खाली सोडली. नळीला गाठ, सेकंदाला दोनच थेंब. जीव रुळेल तशी गाठ सैल करायची. तीन तास! मासेवाला म्हणाला, नव्या सुनेसारखंच आहे आजोबा, आल्या दिवशी चुलीशी जुंपलीत तर माहेरची वाट धरेल. जाताना मात्र हसला नाही. पिशवीतलं पाणी मोरीतच ओता, म्हणाला. त्यातून काय येईल याचा नेम नाही.

मला वाईट वाटलं. माहेर सोडून आलेल्या जिवानं बोचकंसुद्धा जवळ ठेवू नये? पेलाभर जुनं पाणी मी आधीच बाजूला काढलं होतं. संध्याकाळी फूल टाकीत सोडलं आणि त्यामागोमाग ते पाणीही हळूच ओतलं.

बुधवार, ता. ८
फूल मिटलेलंच. त्याच्यामागचा कोपरा रिकामा असतो. मासे तिकडे फिरकत नाहीत.

करमेना, म्हणून टाकीशी बसून वहीतल्या माझ्या कविता म्हटल्या. कोपऱ्यातून काचेवर टकटक झाली, अगदी तालावर! चरण संपला की थांबे, पुढचा धरला की सुरू. दिसत कोणीच नव्हतं. खरं तर घाबरायला हवं होतं. पण ही गेल्यापासून माझी कविता शेवटच्या ओळीपर्यंत कोणी ऐकली नव्हती. चार तास म्हणत बसलो.

गुरुवार, ता. ९
पाच मासे नाहीसे. मासेवाल्याला फोन केला. त्यानं पहिलं हेच विचारलं, पाणी मोरीतच ओतलंत ना? हो म्हणालो. या वयात खोटं बोललो.

दुपारी टाकीखालच्या आरामखुर्चीत डोळा लागला. जागा झालो तर ओठ खारट, सदऱ्याची कॉलर चिंब. कपाटात ठेवलेली नळी टाकीच्या काठावरून लोंबत होती, तोंड माझ्या उशाशी. नळीला गाठ.

सेकंदाला दोन थेंब.

शुक्रवार, ता. १०
नळी कचऱ्यात टाकली. दुपारी पुन्हा तिथेच. गाठ कालच्यापेक्षा सैल.

चहा घशाखाली उतरेना. गोडं पाणी जिभेला भाजतं. चमचाभर मीठ घातलं तेव्हा कुठे बरं वाटलं. मासे एकही उरला नाही. टकटक आता न्हाणीघरातून येते—मी गप्प असलो तरी.

शनिवार, ता. ११
चिमणीचा फोन. येऊ नकोस म्हणालो. रुसलात होय, म्हणून हसली. आणि विचारलं, आजोबा, तुमचा आवाज असा बुडबुडल्यासारखा का येतो?

टाकीत गोडं पाणी ओतायचं, म्हणजे त्यात जे काही आहे ते मरेल. मग तिनं खुशाल यावं. नळाखाली हात धरला मात्र—साल सुटली. कातडी नुसती—
बादली उचलवली नाही.

रविवार, ता. १२
आतून कडी घातली होती. ती कोणी काढली? मीच. हात माझाच होता—

चिमणी आलीच. प्रवासानं दमलेली. मी बोलत का नाही, विचारत होती. तोंड उघडलं की पाणी येतं, म्हणून मिटून—
आरामखुर्चीत झोपली. टाकीखाली.

उजवा हात लिहितो आहे. माझं ऐकतो तो अजून. डावा—डाव्या हातात नळी—तिच्या उशाशी—
मला सोबत हवी होती, पण अशी नव्हे, अशी नव्हे ग—

चिमणे, ऊठ. ओरडतोय मी, नुसती टकटक—ऊठ, तुझे ओठ ओले झा—