झाडाने केलेला एक खाडा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, जुन्या लाकडाचे वय सांगण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी सर्वस्वी पत्नीच्या. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांना समसमान. माझ्या लाकडाचा भुसा तिने चाळीस वर्षे झाडला. एकदाही नमुन्यांचे खोके फेकून दिले नाही, नुसती धमकी दिली. तिचे उपकार फिटण्यासारखे नाहीत.

२. माझे पोकळ गिरमिट, ज्याने झाड न तोडता त्याच्या पोटातून पेन्सिलीएवढी कांडी काढता येते, ते मी जिथे नोकरी केली त्या संस्थेला द्यावे. शेजारच्या खोलीतील प्राध्यापकांच्या हाती मात्र देऊ नये. त्यांनी आधीचे झाडातच अडकवून ठेवले आणि वर झाडालाच नावे ठेवली.

३. सूक्ष्मदर्शक, सर्व कांड्या व वह्या मुलीला. मुलाने मनाला लावून घेऊ नये, त्याला खोकी उघडली की शिंका येतात. खरे कारण पुढे लिहितो.

झाड दरवर्षी एक वलय धरते. पाऊस चांगला तर रुंद, दुष्काळात केसासारखे बारीक. आमची रीत अशी की एकच कांडी दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडे जुळले नाहीत तर दोघांनी मिळून पुन्हा पहिल्यापासून बसायचे. डोंगरावरच्या जुन्या झाडाची कांडी मी आणि तेव्हा संस्थेतच काम करणाऱ्या मुलीने मोजली. तिचा आकडा माझ्यापेक्षा एकाने जास्त आला.

“बाबा, शेजारच्या झाडांशी ताडून बघा. दुष्काळाच्या वर्षाचं वलय इथे नाहीच. त्या वर्षी हे झाड वाढलंच नाही.”

“झाड खाडा करत नाही,” मी सगळ्या संस्थेसमोर म्हणालो. “मोजणाऱ्याचं लक्ष नसतं.”

लोक हसले. मी पुन्हा मोजायला बसलो नाही. तिचा आकडा खोडून माझा छापला. महिन्याभरात तिने काम सोडले आणि परगावी फर्निचरचा कारखाना काढला.

सहा वर्षांपूर्वी ते झाड वादळात पडले. त्याच्या वरच्या खोडात ते वलय होते, जेमतेम दिसेल एवढे. आम्ही कांडी काढली त्या बुंध्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. मला लाज वाटली आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज आता जास्त वाटते.

४. माझ्या छापील तक्त्यात तो दुष्काळ पडलेलाच नाही. संस्थेने तो घालावा, त्याआधीचे प्रत्येक वर्ष एकेक मागे सरकवावे आणि दुरुस्तीवर फक्त मुलीचे नाव द्यावे.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. तोवर मला थांबता येणार नाही. सह्या झाल्या की पहिली प्रत मी स्वतः मुलीकडे नेईन. “तू बरोबर होतीस, माझं चुकलं,” एवढे मला तोंडाने म्हणायचे आहे.

स्थळ: राहते घर, मागची खोली. दिनांक: नऊ मार्च.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. कोपऱ्यावरचे शिंपी (सही)

पोच: प्रत अकरा मार्चला हातात मिळाली. बाबांनी ते वाक्य दोनदा म्हटले. पहिल्या वेळी ऐकू आले होते, पण करवत चालू होती असे मी सांगितले.
सही: मुलगी