पुस्तकाचं वाण

२ जानेवारी १९८६, सकाळ
'सभ्य वागणुकीचे धडे' छापून आलं. पाचशे प्रती. पलंगाखाली मावल्या नाहीत, उरलेल्या माळ्यावर, नारळांशेजारी. तात्पुरती सोय. महिन्याभरात माळा रिकामा.

टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीभर या जिल्ह्याचं बोलणं ऐकलं. (ड्यूटी म्हणून.) 'हॅलो' नाही, 'प्लीज' नाही, थेट 'कोण बोलताय?' म्हणून डाफरायचं. या लोकांना माझ्या पुस्तकाची गरज आहे. फक्त ते त्यांना कळायचं बाकी आहे.

संकल्प: दिसेल त्याच्या हातात द्यायचं नाही. योग्य वाचक शोधायचा.

ह्यांनी एक प्रत मागितली. दिली नाही. जे गृहस्थ बशीत चहा ओतून फुर्र करून पितात, ते माझे वाचक नव्हेत. चौथं प्रकरण याच सवयीवर आहे. नाव घातलेलं नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर ॲगथा सांगायच्या, नाव घेऊन टीका करणं असभ्य.

६ जानेवारी
पुस्तकांच्या दुकानात गेले. मालकाने पुस्तक मागून पाहिलं, पुढून पाहिलं आणि विचारलं, कितवीचं गाईड? दोन प्रती वह्यांच्या गठ्ठ्यामागे ठेवून घेतल्या. दुकानदार हा योग्य माणूस नव्हे.

८ जानेवारी
डॉक्टरांच्या दवाखान्यात एक प्रत ठेवली. तासभर बसून पाहिलं. पेशंट समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काही नव्हतं. आजारी माणूस योग्य वाचक नव्हे. मन थाऱ्यावर नसतं.

१० जानेवारी, दुपार
सापडलं! हळदीकुंकू.

जन्मात केलेलं नाही. मागासलेला प्रकार. बायका येतात, वाणाच्या वाटीवर टिचकी मारून पत्रा जाड की पातळ ते बघतात, जातात. पण मार्केटिंगच्या दृष्टीने विचार केला तर गल्लीतल्या सगळ्या बायका आपल्या पायांनी घरी येतात, आणि मिळालेलं वाण नाकारत नाहीत. असा वाचक पुण्याच्या प्रकाशकांनासुद्धा मिळत नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, अगो, बायका गाळणीच्या अपेक्षेने येतात. दुर्लक्ष केलं.

१७ जानेवारी, शुक्रवार
थाटात पार पडलं. प्रत्येक पुस्तकाला हळदीकुंकवाचं बोट लावून दिलं. शेजारच्या यमुनाबाईंच्या प्रतीत खास लिहिलं: 'यमुनाबाईंस, सुधारणेच्या सदिच्छेसह.' त्यांनी पुस्तक हातावर तोललं आणि म्हणाल्या, होय हो बाई, याबरोबर वाटी नाही? मागून कोणीतरी म्हणालं, गप गो, पेन्शनीत इतकंच व्हायचं.

आठवं प्रकरण, 'भेटवस्तू स्वीकारताना'. वाचतील तेव्हा लाजतील.

२१ जानेवारी
यमुनाबाई अजून लाजलेल्या दिसत नाहीत. सावकाश वाचत असाव्यात.

२७ जानेवारी
आनंदाची बातमी. भाजीवाली सावित्री सांगत होती, तिच्या बहिणीला पालीत एका हळदीकुंकवाला माझं पुस्तक मिळालं. पालीला मी एकही प्रत पाठवलेली नाही! पुस्तक चालायला लागलं. आवडल्याशिवाय कोण दुसऱ्याला देतं?

ह्यांना सांगितलं. ह्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मत्सर.

४ फेब्रुवारी
खेड! यमुनाबाईंच्या नणंदेकडे खेडला पोचलं.

९ फेब्रुवारी
हर्णे! मासळीच्या लिलावात घसा फोडून ओरडणाऱ्या गावात माझे धडे. संध्याकाळच्या लिलावात कोणी 'एक्स्क्यूज मी' म्हणालं तर नवल वाटणार नाही.

छापखान्याच्या विठूला दुसऱ्या आवृत्तीचं सांगितलं. त्याने विचारलं, पहिली संपली? माळ्याखाली उभं राहून 'हो' म्हणणं अवघड होतं. फोनवर होते म्हणून जमलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून तुळसा. तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले. एरवी गेले नसते. वाचकांना भेटणं हे लेखकाचं कर्तव्य.

तिने माझ्या ओटीत माझंच पुस्तक घातलं.

मुखपृष्ठावर कुंकवाची इतकी बोटं, की पुस्तकाचं नाव दिसेना. उघडलं. आत माझंच अक्षर. 'यमुनाबाईंस, सुधारणेच्या सदिच्छेसह.' पानं एकमेकांना चिकटलेली, शाईचा वास तसाच.

तुळसाला शांतपणे विचारलं, कसं वाटलं? (पाचवं प्रकरण, 'राग आवरताना'.) म्हणाली, अय्या, मी उघडलंसुद्धा नाही हो! खेडच्या मावशीने बजावलंय, वाण कोरंच पुढे द्यायचं. वापरलेलं वाण देतात होय?

म्हणजे पाली कोरी. खेड कोरं. हर्णे कोरं. सबंध जिल्ह्यात माझं पुस्तक जपून न वाचलेलं.

घरी आले. पुस्तक टेबलावर आपटलं. (पाचवं प्रकरण गेलं खड्ड्यात.) ह्यांना म्हटलं, एकाही माणसाने वाचलेलं नाही. एकाही!

हे म्हणाले, मी वाचलं की. दोनदा.

नारळ काढायला हे माळ्यावर चढले होते, तेव्हा एक प्रत घेतली म्हणे. चोरून! मग विचारतात, चौथ्या प्रकरणातला बशीवाला मीच ना? मी सिस्टर ॲगथांना स्मरून म्हटलं, नाव घातलेलं नाही. तर म्हणाले, बरा उतरलाय. फक्त तू 'घोट घेतो' लिहिलंस. आवाज येत नाही त्यातून. तिथे 'फुर्र' हवं होतं.

चिकटलेली पानं सोडवून चौथं प्रकरण पाहिलं. 'फुर्र' हवंच होतं.

१५ फेब्रुवारी, सकाळ
विठूला दुसरी आवृत्ती थांबवायला कळवलं. कागद हल्ली चांगला मिळत नाही.

ह्यांनी चहा बशीत ओतला, माझ्याकडे पाहिलं आणि फुर्र केलं. मी बशीत आणखी चहा ओतला. मिळालेला वाचक सांभाळावा लागतो.