आभारांच्या यादीत माझं नाव

१३ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी सव्वाअकराला, पवनभाऊच्या दुकानात, रेघांच्या कागदाच्या सातव्या ओळीवर माझं आयुष्य फिरलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवतो.

केनवडच्या स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान. मालक पवनभाऊ, कॉम्प्युटरवर मी. पास्टर आले. एक जानेवारीच्या उपासनेला ते दरवर्षी प्रार्थनाघरात फ्लेक्स लावतात. डावीकडं सरत्या वर्षाचे आभार, उजवीकडं येत्या वर्षाचे संकल्प. सगळ्यांसमोर उभं राहून एकेक ओळ वाचतात. कागद ठेवला, "सावकाश कर सुमेध, घाई नाही," म्हणाले आणि गेले.

टाइप करायला घेतलं. टीनाचं छत बसलं, आभार. बायकोचा गुडघा बरा झाला, आभार. अंगणात नळ आला, आभार. आणि सातवी ओळ — "सुमेध. कॉलेज सोडून भरकटलेलं लेकरू प्रभूने आमच्या दारात आणलं. वर्षातलं सर्वांत मोठं देणं."

उजवीकडं संकल्प पहिला: सुमेधचा बाप्तिस्मा, ईस्टरच्या आधी.
संकल्प चौथा: एस्तेरसाठी विश्वासातलं स्थळ.

एस्तेर म्हणजे पास्टरची पोरगी. वाशिमला नर्सिंगला आहे. इथून पुढं नुसतं ए. लिहीन, माय वही उघडते.

विश्वासातलं म्हणजे बाप्तिस्मा झालेलं. पहिला आणि चौथा मिळून काय होतं ते कळायला डिग्री लागत नाही.

भरकटलेलं म्हणे! डोकं तापलं. मग चौथा संकल्प परत वाचला.

१४ डिसें., रवि.

वहीत तरी खरं लिहू दे. मी देवासाठी प्रार्थनाघरात एकदाही गेलेलो नाही.

फेब्रुवारीत कॉलेज सुटलं. सुटलं काय, सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर काहीतरी बोलून दाखवलं, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो ते थेट केनवडला. बीएस्सी दुसरं वर्ष, खलास. मार्चमध्ये दुकानात पोहरादेवीच्या यात्रेच्या फ्लेक्सची गर्दी, त्यातच पास्टरचा एक बॅनर लावायला गेलो. शिडी हलत होती. खालून कोणीतरी धरली. "पडू नको बाप्पा, अठी डॉक्टर नाही."

ती ए.

पुढच्या रविवारी माइक लावून देतो म्हणून गेलो. तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही. गाणी पाठ, वचनं पाठ. ती वाशिमला असली तरी जातो, कारण कोण कोण आलं होतं ते पास्टर तिला फोनवर सांगतात.

सप्टेंबरात तिनं सरळ विचारलं. "तू खरंच मानते का सुमेध?"
"हो."
"खोटं असंल तर आत्ताच सांग. बाबाले कोनीबी फसवते. मले नाही चालत."
"हो म्हटलं ना!"

दोनदा. डोळ्यात बघून.

आणि पास्टर... कॉलेजचं ऐकून गावात ज्यानं त्यानं मला अक्कल शिकवली. काहून सोडलं ते न विचारणारा हा एकच माणूस. चहा दिला, म्हणाला, बस. हे पण लिहून ठेवलं पाहिजे.

१६ डिसें.

पवनभाऊनं स्क्रीनवर वाचलं. "काय बे, नाव तुहं, डिझाइन तुही, छापनारबी तूच! आता लग्नपत्रिकाबी करून टाक संग."
"गप ना भाऊ."
"गप कायचा? एक सांगतो. कागदावरचं खोडता येते. फ्लेक्सवरचं नाही. गावभर होईन."

माउस आपटला. भाऊ म्हणाला, आपट, पण दुकानाचा आहे तो.

१८ डिसें., गुरु.

पास्टर घरी आले. न सांगता.

माय नुकतीच शेतातून आली होती, हातपाय धुवायचे होते. पास्टर खाटेच्या कडेला अवघडून बसले. "बाई, तुमाले इचारल्याशिवाय मी पोराले पान्यात उतरवत नाही. तो मोठा हाये, त्याचं तो ठरवू शकते. पन माय ते माय."

मला वाटलं माय आता उसळणार. समोर भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्या बाजूला आज्याचा. मायनं आधी चहा ठेवला.

"तुमी मानूस चांगले हाये," म्हणाली. "तुमच्याकडं येते तवापासून हा पोट्टा कोनाच्या अंगावर धावून नाही गेला. खोटं कायले बोलू? पन एक सांगा. तुमच्यात मनानं या लागते ना?"
"मनानंच, बाई. नाहीतर पान्यानं नुसते कपडे ओले होतेत."
"मंग त्याले इचारा. माह्यासमोर."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. चहा उतू चालला होता, कोणी उठेना.

"हो," म्हटलं.

पास्टरचे डोळे भरले. मायचे नाही.

ते गेल्यावर माय कप विसळत पाठमोरी बोलली. "तुह्या आज्यानं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. पायात वहान नोती. परत आला त गावानं कामावर घेनं बंद केलं. त्याच्या बदल्यात त्याले कोनी पोरगी देऊन नोतं राह्यलं."

"माय!"

"वरडू नको. मले डोये हायेत. जाचं त जा, मी आडवी येनार नाही. पन मनात नसून गेला, त तू ना त्यायचा ना आमचा."

ताट सरकवून निघून गेलो. नदीच्या बाजूला दोन तास नुसता चाललो. भूक लागली तर स्वतःचाच राग.

१९ डिसें.

मायशी बोललो नाही.

आज्याचा फोटो दिवसभर डोक्यात. मला कशाला बघतो, असं एकदा तर मोठ्यानं म्हणालो.

२३ डिसें., मंगळ.

ए. आली काल. आज प्रार्थनाघरावर नाताळची चांदणी बसवली. मी वर, ती खालून वायर देत होती. वजन कमी झालंय तिचं. होस्टेलचं जेवण, दुसरं काय.

"एक तारखेले साक्ष देनार म्हने तू."
"पास्टर म्हनतात दे."
"काय बोलशीन?"

साक्ष म्हणजे प्रभू कसा भेटला ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी घडाघडा म्हणून दाखवलं. मी अंधारात होतो, वाट चुकलो होतो, प्रभूनं हात धरला.

"हे तर मागच्या वर्षी मनोहरकाका बोलले. असंच. अंधारासकट." हसली. मग हसणं थांबवून वर बघत राहिली. "तुह्यं सांग ना. तुह्यं सोताचं काय झालं?"

चांदणीत बल्ब बसेना. फिरवत बसलो.

"सारखं सारखं काहून इचारते तू?"
"तू आवडत नसता तर कायले इचारलं असतं?"

शिडी कोणी हलवली नव्हती तरी हलली.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, शपथ. पण आता जे ऐकलं ते दोन मिनिटं तरी जवळ असू दे, असं वाटलं. "शोधतो माह्यं," एवढंच म्हटलं.

भेकड. मारामारीत पुढं, आणि इथं—

२५ डिसें.

नाताळ. करंज्या, केक, लेकरांचं नाटक. एका मेंढपाळाची दाढी भर नाटकात पडली, अख्खं प्रार्थनाघर हसलं. पास्टरनी स्वतःचं जुनं बायबल मला दिलं, समासात त्यांच्या हातच्या खुणा. पहिल्या पानावर माझं नाव.

गाण्यावर सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी पण मिटले. आज खरंच प्रयत्न केला. म्हटलं, असशील तर ये, आज ये, माझं सगळंच सोपं होईल. वाट बघितली. कानावर ए.चा आवाज येत राहिला, बाकी काही नाही.

२७ डिसें., शनि.

पास्टर प्रूफ बघायला दुकानात. चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवत ठेवत वाचतात. मी सातवी ओळ काढून टाकली होती.

"सुमेधची ओळ कुठं गेली?"
"जागा पुरत नोती."
"मंग नळाची काढ."
"पास्टर, नळासाठी तुमी दोन वर्षं चकरा मारल्या."
"मानूस ठेव, नळ काढ. नळाले वाईट नाही वाटत."

पवनभाऊ कागद चाळायचं नाटक करत होता.

"भरकटलेलं तरी काढू का?" विचारलं. आवाज चढला माझा.
"राग आला? काढ ना मंग. तू भरकटला नोताच, थकला होता." पाठीवर हात ठेवला. मग चष्म्यावरून बघत हळूच, "अन् तो चौथा संकल्प. वाचलाच असशीन. मी काही आंधळा नाही रे. पन आधी विश्वास, मंग बाकीचं. उलटं नाही चालत."

म्हणजे त्यांना माहीत आहे मला ए. आवडते. फक्त क्रम त्यांनी चुकीचा लावलाय. त्यांना वाटतं मी देवाकडं आलो आणि तिथं पोरगी दिसली.

ओळ परत टाकली. नळ काढला.

२९ डिसें., सोम.

छापला. मशीन पुढं-मागं जात राहतं, अक्षरं कापल्यासारखी थोडी थोडी बाहेर येतात. आधी नुसती माझ्या नावाची शिरोरेघ आली. बंद करावंसं वाटलं. बटण तिथंच होतं, हाताजवळ.

बंद केलं नाही. म्हटलं, फ्लेक्स फाडून भागणारं असतं तर कधीच फाडला असता.

मायला म्हणालो, गुरुवारी सकाळी जाणार आहे. "जाय," म्हणाली. आज बोलली तरी.

३१ डिसें.

दुपारी फ्लेक्स लावला, चारही कोपरे ताणून. पास्टर लांब जाऊन बघून आले, जवळ येऊन परत बघितला. लहान पोरासारखे खूश.

सांगितलं तर ए. गेली. पास्टर पण गेले, रविवार गेले. नाही सांगितलं तर सगळं मिळतं. सगळं! फक्त एकदा पाण्यात उतरायचं. तिला आयुष्यभर कळणार पण नाही.

मला कळेल.

साक्षीचा कागद तीनदा लिहिला. तीनदा अंधारच.

१ जाने., गुरु.

आठ वाजताच गेलो. उपासना नऊला. पास्टर मागच्या खोलीत, इस्त्रीचा शर्ट, फणी हातात. "ये! नव्या वर्षाच्या—"

"पास्टर, उलटं होतं."
"काय?"
"आधी एस्तेर. विश्वास मंग येईन म्हटलं. आलाच नाही. मी लय वाट पाह्यली. खरंच पाह्यली. गानी येतेत मले, तुमी आवडता, तो नाही येत. अन् तुमच्यासाठी पान्यात उतरनं बी खोटंच ना?"

फणी ठेवली. खुर्चीवर बसले. "मायसमोर हो म्हटलं तू."
"हो."
"एस्तेरसमोर?"
"दोनदा. तिले काही माहीत नाही. तिची चूक नाही."

"साल्या," म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शिवी. लगेच "माफ कर," म्हणाले. मला की वरच्याला, कळलं नाही. मग हळू आवाजात, "रोज सकाळी तुह्यं नाव घेतलं मी प्रार्थनेत. रोज. त्याचं आता काय करू, सांग."

"मी नोतं सांगतलं घ्या म्हनून!"

ओरडलो. कशाला ओरडलो? बाहेर सतरंज्या अंथरण्याचा आवाज एकदम थांबला.

पास्टर बघत राहिले. राग नव्हता चेहऱ्यावर, तेच वाईट. म्हणालो, "चुकलं. ओरडाले नोतं पाहिजे." त्यांनी मान हलवली, पण कोणत्या चुकीला ते माहीत नाही.

दारात ए. हातात गाण्याच्या पुस्तकांची चळत. कधीपासून उभी होती देव जाणे. "बाबा, लोकं आले."

पास्टर उठले, शर्ट नीट केला. जाता जाता म्हणाले, "फ्लेक्सले हात लावू नको. काय वाचाचं ते मी पाह्यतो." हॉलमध्ये गेले. एक मिनिटानं त्यांचा आवाज, नेहमीचा, सगळ्यांना बसा बसा म्हणणारा.

आम्ही दोघं. पुस्तकं तिनं खाली ठेवली नाहीत.

"आता पुढं?" म्हणाली.
"माहीत नाही."
"हे खरं वाटलं."

हसली नाही, रडली नाही. आणखी काहीतरी बोलेल म्हणून थांबलो. मग लक्षात आलं, ती थांबलीय, कारण मी तिच्या वाटेत उभा आहे. बाजूला झालो. ती जवळून गेली, पुस्तकं छातीशी धरून. हॉलच्या उंबऱ्यावर एकदा थबकली. वळली नाही.

आत पहिलं गाणं सुरू झालं. मला पाठ आहे. ओठ आपोआप हलायला लागले, दाबून धरले. मागच्या दारानं बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.