गौरीच्या दिवसांतली कुपी

पुणे, २९ ऑगस्ट २०२४

ती. वृंदाआत्यास,
राजसीचा शि. सा. न. वि. वि.

जिभेचं ऑपरेशन झालं तरी तुझे हुकूम काही थांबत नाहीत! मोबाईलवर दोन ओळी चालणार नाहीत म्हणे, रीतसर पत्रच हवं. घे बाई, शाळेतल्यासारखं समास सोडून लिहिते आहे.

गाठ परत आली, औषधं चालेनात, आणि त्यात तुझी भाची नेमकं काय करणार, असं विचारलंस. नेहमीच्या तपासणीत गाठीचा तुकडा अख्खा वाटून बघतात. म्हणजे भेळ मिक्सरमधून काढायची आणि मग चव सांगायची. औषधाला न जुमानणाऱ्या चार पेशी त्यात हरवून जातात. आमच्या लॅबमध्ये एकेक पेशी सुटी करतात आणि तिची कोणती जनुकं जागी आहेत ते वाचतात. त्या हट्टी पेशी सापडल्या तर दुसरं औषध सुचेल. सुचेलच असं नाही, पण सरांनी खास परवानगी काढली आहे.

पेशी मात्र आमच्याकडे जिवंत पोचायला हव्यात. बदलापूरच्या हॉस्पिटलात तुकडा काढतील त्या दिवशी आमची गाडी येणार नाही. तेव्हा तुकडा ज्या कुपीत घालून देतील, ती काकांनी घरी आणून फ्रीजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी आमचा माणूस येईल.

काकांना नमस्कार. यज्ञेशदादाला म्हणावं, पोट कमी कर. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
राजसी

अंबरनाथ पूर्व, १४ सप्टेंबर २०२४

चि. राजसीस अनेक आशीर्वाद.

तुझी भेळ वाचून तोंडाला पाणी सुटलं. मी इथे पेजेवर आहे, तेव्हा उदाहरणं जरा जपून देत जा.

तुकडा काढला. ह्यांनी कुपी घरी आणली आणि पंचाईत झाली. दुसऱ्या दिवशी गौरींचं जेवण. फ्रीजमध्ये पुरण, चिरलेल्या सोळा भाज्या, पंचामृताचं दही. त्यात मांसाचा तुकडा ठेवायचा? माझाच असला म्हणून काय झालं! मन धजेना. तू हसशील, पण माझ्या हातून या बहुधा शेवटच्या गौरी. त्यांच्या पानात काही वेडंवाकडं नको होतं.

शेवटी यज्ञेश कुपी घेऊन उल्हासनगरला गेला. ह्यांचे मित्र चंदरभाई, त्यांचं तिथे कुल्फीचं दुकान आहे. त्यांनी डीप फ्रीजरमधल्या कुल्फ्या हलवून जागा केली. घरच्या फ्रीजचं काय घेऊन बसलात, इथे माल महिनाभर बिघडत नाही, असं म्हणाले. सकाळी यज्ञेशने आणली तेव्हा आतलं सगळं दगडासारखं घट्ट! तुझ्या माणसाने ती तशीच पेटीत ठेवून नेली. इतकं जपून कुणी काही पाठवलं नसेल तुला.

आता तू शोध. आम्ही वाट बघतो. आहे तोवर असाच जीव लाव.

तुझी,
आत्या

पुणे, २० सप्टेंबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कुपी मिळाली. काम चालू आहे. याला वेळ लागतो, तू काळजी करू नकोस.

चंदरभाईंकडे कुपी रात्रभर होती ना? सहज विचारते. यंदाच्या गौरींचे फोटो यज्ञेशदादाने पाठवले. साड्या तूच नेसवल्यास हे निऱ्यांवरूनच कळलं.

जास्त लिहीत नाही, मशीन लावायचं आहे. लोभ आहेच, तो वाढू दे.

राजसी

अंबरनाथ पूर्व, ५ ऑक्टोबर २०२४

चि. राजसीस आशीर्वाद.

पत्र केवढंसं गं तुझं! पण काम चालू आहे हे वाचून बरं वाटलं.

डॉक्टरांनी नवीन इंजेक्शन सुचवलं आहे. गाठ जाणार नाही, पण थोडे महिने थोपून राहील म्हणतात. मी नको म्हणून सांगितलं. माझी भाची नेमकं औषध शोधते आहे, तिचा निकाल आला की बघू. अंधारात दगड कशाला मारायचा? हे आणि यज्ञेश दोघंही चिडले. मी हटले नाही. तुझ्यावर भरवसा आहे माझा.

घाई करू नकोस, चुकेल. जेवत जा वेळेवर. सगळे आशीर्वाद आता तुलाच.

आत्या

अंबरनाथ पूर्व, २४ ऑक्टोबर २०२४

चि. राजसीस गुरुदत्तकाकांचे आशीर्वाद.

फोन केला असता, पण ती शेजारीच पडून असते आणि तिचे कान तिखट आहेत. म्हणून लिहितो.

तिच्या नावाचं तुझं पत्र मी फोडलं. तुकडा गोठला, पेशी फुटून मेल्या, वाचण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि हे तुला कुपी उघडली त्याच दिवशी कळलं होतं. ‘फ्रीजमध्ये’ लिहिलं आणि ‘गोठवू नका’ लिहायचं राहिलं, म्हणून तू स्वतःला बोल लावलास. चूक तुझी नाही, तिची नाही, चंदरची तर मुळीच नाही. मग राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही. जिवंत पोचल्या असत्या तरी औषध सापडलंच असतं असं नाही, हेही तू लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आधार वाटेल म्हणून. वाटला नाही.

आत्याला इंजेक्शन लगेच घ्यायला सांगा, असं तू कळवळून लिहिलंस. पत्र आलं त्या दिवशीच डॉक्टरांकडे गेलो. आता ते तिच्या अंगाला सोसणार नाही, असं ते म्हणाले.

म्हणून तुझं पत्र मी तिला दाखवलं नाही. पोस्टमन आला की ती हात पुढे करते. तेव्हा तू आणखी एक पत्र लिही, काम चालू आहे असं. खोटं लिहायला सांगतो आहे, याची मला लाज वाटते. पण आपला तुकडा तुझ्याकडे जिवंत आहे असं तिला वाटतं. तेवढं राहू दे.

तुला दोष नाही, माया उणी होणार नाही.

तुझे,
काका