गंजीवरचं जाळं

बुधवार, दिवेलागण

आज लिवायला बसले ती आनंदानं.

आमची नातसून कोकणातली, कोळ्याची लेक. मोबाईलवर वादळाची खबर आली, तशी तिनं माहेराहून आणलेलं जुनं जाळं पेंढ्याच्या गंजीवर टाकलं आन कडेनं धोंडे बांधले. मी सगळ्यांदेखत हसले, "अगं, गंजीत पापलेट घावणार हाय का?" किती हसले मी!

आज दुपारी वादळ आलं. शेजारच्या सखूची गंजी बघता बघता उडाली, निम्मा पेंढा ओढ्यात. आमच्या बी गंजीचं तसंच झालं आसंल तर? तीन म्हशी हायेत, पावसाळाभर त्यांना घालायचं काय? वारा थांबला तशी पळत गेले. आमची गंजी जागच्या जागी! म्या धोंड्याची गाठ ओढून बघितली. हलंना. परत ओढली. न्हाईच.

नातसून मागनं म्हणते कशी, "आजी, घावलं का पापलेट?"

म्हणलं, "व्हय गं बाई. पर गंजीत न्हाई, आमच्या घरात घावलं."

लाजली की! सखूच्या उरल्या पेंढ्यावर टाकायला बापाकडनं दुसरं जाळं मागवलंय तिनं. आन ती गाठ मला उद्या शिकवणार हाय.