आबांना दिलेला पत्ता

तीर्थरूप सुपडूनाना यांस,

दिंडोलीहून धाकट्या वाल्मिकचा दंडवत. आम्ही खुशाल आहोत, भिंत तेवढी आजारी आहे. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का?

नाना, यंदा मिलमध्ये सुटी मिळाली नाही, म्हणून आखाजीच्या सणाला आबांना पितर म्हणून जेवायला बोलावून त्यांची घागर मीच इथे भरली. (थोरल्याचा मान धाकट्याने घेतला, रागावू नका.) शोभा म्हणाली, आबा हयातीत कधी सुरतेला आले नाहीत, त्यांना घर सापडेल कसे? म्हणून पाणी सोडताना मी हात जोडून सगळा पत्ता सांगितला: सोसायटी, दुसरा मजला, दाराला हिरवा रंग, आणि पर्वत पाटियाच्या थांब्यावर उतरू नका, रिक्षावाले उगाच फिरवतात. (मेलेल्या माणसाला कोण फिरवणार, हे तेव्हा सुचले नाही.) जेवून परत कसे जायचे, ते मात्र सांगायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी घागरीमागच्या भिंतीला ओल आली. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी, आता माणसाएवढी आहे. खांदे उतरलेले, मान किंचित डावीकडे. शोभाने बघताच डोक्यावर पदर घेतला. "हाऊ डाग नही, आबा शेतस!" तेव्हापासून त्या खोलीत टीव्ही बंद. ती भिंतीपुढे चहा ठेवते आणि चहा संपतो. (मी पीत नाही. तीही नाही म्हणते.)

शेवटी प्लंबर आणला. वरचे घर बंद, पावसाचा पत्ता नाही, त्या भिंतीतून नळ गेलेला नाही. त्याने प्लास्टर फोडून आत हात घातला आणि "काका, अंदर तो कोरुं छे," म्हणत बोटांना लागलेली कोरडी धूळ दाखवली आणि तडक जिना उतरला. त्याचा पान्हा अजून आमच्याकडेच आहे.

मला भीती वाटते, नाना. आणि आपल्याच बापाची भीती वाटते याची लाजही वाटते. तुम्ही गावी घागर भरून त्यांना हाक मारा. ते तुमचे ऐकतील.

तुमचा,
वाल्मिक

ता.क. शोभा म्हणते, आबांना राहू द्या, घरात मोठे माणूस असले की बरे वाटते. तिचे मनावर घेऊ नका.

पुन्हा ता.क. आज सकाळी आबांच्या शेजारी दुसरी ओल उमटली आहे. बसलेली, एक पाय पुढे ताठ, मोटरसायकलवरून पडल्यापासून तुम्ही ठेवता तसा. मी शोभाला काही बोललो नाही, पण तिने चहाचे दोन कप ठेवले. गावाकडे निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती हे पत्र देतो आहे. कालपासून तुमच्या घरी कोणी फोन उचलत नाही. नाना, घागरीचे राहू द्या. फक्त फोन उचला.